धरणाच्या तक्त्यातला 'निरंक'

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमचं गाव सिंधुदुर्गात, सह्याद्रीच्या पायथ्याला. गावच्या नदीवर मातीच्या धरणाचा सर्व्हे सुरू झालाय. पाऊस बदाबदा पडतो आणि मार्च उजाडला की वरच्या वाडीला टँकर लागतो, म्हणून मुंबईत नोकरी करणारे तुम्ही आणि तुमच्या वयाचे बहुतेकजण धरणाच्या बाजूचे. वाडीतली म्हातारी माणसं मात्र मोजणीवाल्यांना बांधावर पाय ठेवू देत नाहीत. 'जमिनीचे पैसे तर मिळणारच, मग यांचं नुकसान म्हणजे नक्की काय?' असं तुम्ही विचारलंय. धरणाने भूकंप होतो का, हाही तुमचा प्रश्न आहे.

मी बावीस वर्षं धरणांच्या सर्वेक्षणावर आणि भूसंपादनाच्या कामावर काढली. त्यानंतरची वर्षं धरणग्रस्तांशेजारी बसून तेच कागद पुन्हा वाचण्यात गेली. सगळ्या धरणांना माझा विरोध नाही. पण कोकणातल्या धरणाचा जो तक्ता मंजुरीला जातो, त्यात ज्यांचं सगळ्यात जास्त जातं तीच माणसं नसतात. म्हाताऱ्यांना हे नीट मांडता येत नसेल, पण त्यांचा राग त्याचाच आहे.

आधी टँकरचा हिशोब करू, कारण तुमचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. हजार वस्तीला दिवसाला ५५ घनमीटर. फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस धरले तर ६,६०० घनमीटर. गुरं, गळती, बाष्पीभवन, मे महिन्यात येणारे चाकरमानी असं सगळं धरून तिप्पट करा, २०,००० घनमीटर म्हणा. आता दुसऱ्या बाजूने बघा. ३,००० मिलिमीटर पावसाच्या गावात एका हेक्टर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, वर्षाला ३०,००० घनमीटर पाणी पडतं. धरणाचा साठा मोजतात दलघमीत, आणि एक दलघमी म्हणजे १० लाख घनमीटर. म्हणजे तुमच्या गावची उन्हाळ्याची तहान एका दलघमीच्या पन्नासाव्या भागात भागते. अहवालात पाच-दहा दलघमी लिहिले असतील, तर ते तुमचा टँकर थांबवायला लिहिलेले नाहीत.

शिवाय टँकर लागतो तो वरच्या वाडीला. धरणाचं पाणी साठणार नदीत, म्हणजे वाडीच्या खाली, आणि कालव्याने जाणार आणखी खाली. वर चढवायचं तर पंप, पाइप आणि दर महिन्याचं वीजबिल. बिल थकलं की योजना बंद. धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावरच्या वाडीत टँकर चालू असलेला मी पाहिलाय. तुम्ही मुंबईत जे पाणी पिता ते भातसा, वैतरणा, तानसाचं. तानसा धरण १८९२ चं. ही धरणं ज्या शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर उभी आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांना एप्रिलमध्ये टँकर लागतात, हे दरवर्षी वर्तमानपत्रात येतं आणि दरवर्षी आपण पान उलटतो.

मग पाणी कुणासाठी? अहवालात 'लाभक्षेत्र', म्हणजे धरणाच्या पाण्याने भिजणारी शेती, असा आकडा असेल. तो हातात घ्या आणि शिवारात फिरा. खरिपाच्या भाताला कालवा लागत नाही, त्याला पाऊस आवरत नाही. आंबा-काजू सड्यावर किंवा वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या, उतारावर. दोन्ही कालव्याच्या पातळीच्या वर. राहता राहिली रब्बी. वायंगणी म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, कुळीथ, भाजीपाला तुमचे आजे-पणजे ओहळाला बांध घालून, पाटाचं पाणी फिरवून करतच होते. आणि हे सगळं ज्या मळ्यात होत होतं तो मळा नेमका नदीकाठचा. बुडतो तो तोच. भिजणार म्हणून कागदावर दाखवतात ती खालच्या गावांतली शेतं. त्यातली बरीचशी पडीक, कारण सातबाऱ्यावरची माणसं तुमच्यासारखी मुंबईत. ज्याला करायचं त्याची वेगळी अडचण. भात कापलं की गुरं उनाड सोडायची आपली रीत. एकट्याने मिरची लावली तर सगळ्या बाजूंनी कुंपण त्यालाच घालावं लागतं, आणि त्यातूनही माकडं येतातच. ही अडचण कालव्याने सुटत नाही. म्हणून कोकणात कित्येक ठिकाणी भिंत उभी, साठा भरलेला आणि कालव्यात गवत असं दृश्य दिसतं. त्यात आपला जांभा भगदाडं पडलेला. त्यातून कालवा काढला की पाणी शेताला कमी आणि जमिनीखाली जास्त. दोडामार्ग तालुक्यात तिलारीचे कालवे किती वेळा फुटलेत ते तिकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

तिलारीचं उदाहरण पूर्ण समजून घ्या, कारण ते तुमच्या घरापासून लांब नाही. तो महाराष्ट्र आणि गोव्याचा संयुक्त प्रकल्प. १९९० मध्ये करार झाला, खर्चात गोव्याचा वाटा ७३.३ टक्के आणि आपला २६.७ टक्के. पाणीही मुख्यतः गोव्याला. तिकडे गेल्यावर या नदीला शापोरा म्हणतात. मी याला अन्याय म्हणत नाही, पैसे ज्याने घातले त्याने पाणी न्यावं हा व्यवहार झाला. पण गावं बुडाली ती आपल्या बाजूची. पाळये, पाट्ये, सरगवे, आयनोडे, केंद्रे, शिरंगे इथल्या माणसांना घरटी एक नोकरीचं आश्वासन होतं. ती सगळ्यांना मिळाली नाही, आणि पुढे कित्येक वर्षं उपोषणं, मोर्चे झाल्यावर नोकरीच्या बदल्यात एकरकमी पैशांवर तो विषय मिटवला गेला. बापाने धरणासाठी जमीन दिली आणि मुलगा चाळिशीत आल्यावर तडजोड झाली. मधल्या वर्षांचं मोल कुठल्याही तक्त्यात नसतं.

पाणी कुठून येतं आणि कुणाचं जातं, याचा उलटा हिशोबही प्रामाणिकपणे मांडायला हवा. रोह्याला मे महिन्यात कुंडलिका वाहते ती घाटावरच्या मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली पडतं म्हणून. त्या पाण्यासाठी मावळातली गावं बुडाली, आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. कोयनेचंही तसंच. बोगद्यांतून पाणी पोफळीला येतं, वीज करतं आणि वाशिष्ठीत सुटतं. चिपळूणकडे त्याला अवजल म्हणतात. कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असं पश्चिमेला वळवायची मुभा दिली आहे. दलघमीत मांडलं तर साधारण १,९००. त्यातला थोडासाच भाग कोकणात वापरला जातो, बाकीचं दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. नवीन भिंतींचे आराखडे करणाऱ्यांनी आधी या आकड्याकडे बघावं, असं मी नोकरीत असतानाही म्हणायचो. वरचे हसायचे. कोयनेच्या विस्थापितांपैकी काहींना कोकणातच आणून बसवलं. साठ वर्षं उलटली, त्यांच्यातल्या कित्येकांचं जमिनीसाठीचं आंदोलन अजून चालू आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, नुकसान म्हणजे काय.

मी कनिष्ठ असतानाची गोष्ट. प्रकल्पाचं नाव सांगत नाही. संयुक्त मोजणीला आम्ही एका वाडीत आठवडाभर होतो. हातात छापील नमुना, त्यात रकाने: घरं, गोठे, विहिरी, फळझाडं, इमारती लाकडाची झाडं, देवळं, मासेमारीवर अवलंबून कुटुंबं. शेवटच्या रकान्यात मी 'निरंक', म्हणजे काही नाही, असं लिहिलं. होडी दिसली नाही, जाळं वाळत घातलेलं दिसलं नाही, म्हणून निरंक. त्याच रात्री ज्या घरी आमचं जेवण होतं तिथे नदीतल्या माशांचं तिखलं होतं. मी दोनदा मागून घेतलं. ते मासे कुठून आले हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, पडला तो दहा-बारा वर्षांनी.

पहिल्या पावसाला नदीला पाणी चढतं तसे मासे उलटे वर चढतात, अंडी घालायला ओहळांत, भातखाचरांत शिरतात. चढणीचे मासे म्हणजे तुमच्या आजीला वेगळं सांगायला नको. ते चार-सहा दिवस वाडीतला प्रत्येकजण नदीवर असतो. मग उन्हाळ्यात नदीतल्या कोंडी, म्हणजे डोह, आटत आल्या की पुन्हा. हा धंदा नव्हे, याची पावती नाही, परवाना नाही. पण ज्या घरात नगद पैसा कमी त्या घरात वर्षातले कितीतरी दिवस कोरड्यास, म्हणजे भाताबरोबरचं कालवण, याच नदीतून येतं. नदीवर भिंत आली की मासे भिंतीशी येऊन थांबतात. नंतर जलाशयात मत्स्यबीज सोडतात आणि मासेमारीचा ठेका निघतो, तेव्हा ज्यांच्या रकान्यात निरंक लिहिलेलं असतं त्यांचा त्या पाण्यावर हक्क उरत नाही. रायगड-ठाण्याकडे हेच कातकरी आदिवासींच्या बाबतीत फार वाईट घडतं. जमीन नावावर नाही, घर दुसऱ्याच्या वरकसावर, नदीतले मासे-खेकडे आणि रानातला कंद यावर अर्धं वर्ष. संपादनाचा कायदा मालकाला शोधतो, आणि कातकरी कशाचाच मालक नसतो. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने उपजीविका गमावणाऱ्या भूमिहीनांनाही बाधित मानलंय, पण त्यासाठी तो तिथे आधीपासून राहत होता याचा कागद लागतो. कागद कोण देणार? ज्याच्या वरकसात तो राहतो तो तर नक्कीच नाही.

त्याच मोजणीत देवळाच्या रकान्याशी आलो. मी टेप लावून लांबी-रुंदी घेतली, कौलं मोजली, लाकूड मोजलं. एक म्हातारी पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "देवळाचे पैशे देशात रे, देवाक खंय न्हेतलास?" मी नवीन गावठाणात समाजमंदिराची तरतूद आहे असं काहीतरी बोललो. ती हसली नाही, रागावलीही नाही, नुसती उठून गेली.

तुम्ही मुंबईत असलात तरी शिमग्याला गावी जात असाल, तेव्हा हे तुम्हाला समजेल. देव देवळात एकटा नसतो. वेशीवर राखणदार असतो, चव्हाटा असतो, देवाची राई असते, पालखी कुठल्या वाटेने जाते आणि कुठल्या घराशी पहिली थांबते हे ठरलेलं असतं. कुणाचा मान कुठला, यात वाडीवाडीचं नातं बांधलेलं असतं. नव्या गावठाणात प्लॉटची सोडत निघते. चिठ्ठीत जो नंबर येईल तो प्लॉट. एका फटक्यात गावकाराचं घर एका टोकाला, त्याच्या भावकीचं दुसऱ्या टोकाला, मध्ये दुसऱ्याच गावचे विस्थापित. कायद्याने पुनर्वसित गावठाणाला १८ नागरी सुविधा द्यायच्या असतात. रस्ता, शाळा, स्मशान, समाजमंदिर हे त्यात येतं. राई येत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मानपानावरून पालखी बंद पडलेली मी पाहिली. बाहेरच्याला हे किरकोळ वाटतं. पण जे गाव पालखीला एकत्र येत नाही ते मोबदल्याच्या दाव्यातही एकत्र उभं राहत नाही, हे कोर्टात दिसतं.

पैशांचंही सांगतो, कारण 'पैसे मिळणारच' यावर तुमचा फार विश्वास आहे. तुमच्या घराचा सातबारा काढा आणि त्यावरची नावं मोजा. कोकणात एका सर्व्हे नंबरवर चाळीस-साठ नावं ही रोजची गोष्ट. त्यातले काही वारलेले, वारस नोंदी झालेल्या नाहीत, कुणी मुंबईत, कुणी पत्त्याचाच ठिकाणा नाही. बहिणींनी हक्कसोड दिलीय की नाही यावर वाद. कसणारा एक, कूळ म्हणून नाव दुसऱ्याचं, मालकी तिसऱ्याची. मोबदला जाहीर झाला की तो या सगळ्यांत वाटायचा. वाद असेल तर पैसे प्राधिकरणाकडे जमा होतात आणि निकाल लागेपर्यंत तिथेच राहतात. ज्याने आयुष्यभर ती जमीन राखली त्याच्या हातात साठावा हिस्सा येतो. तेवढ्यात बदली जमीन सोडाच, घराचं जोतं होत नाही. त्याच्याकडे जमीन होती तोवर हिशोब कधी झाला नव्हता म्हणून तो पूर्ण पिकावर जगत होता. बाई मोबदल्याच्या चर्चेला बहुतेक नसतेच. परसातल्या चार माडांवर, आळवावर, केळीवर तिचा हात होता, ते पैसे झाले की घरातल्या पुरुषाच्या खात्यात गेले.

खाडीकडे वळतो. प्रकल्पाचा नकाशा भिंतीपाशी संपतो, नदी मात्र पुढे खाडीपर्यंत जाते. आपल्या नद्या आखूड. डोंगरातून निघाल्या की लगेच खाडी. दिवाळीनंतर वरून गोडं पाणी जितकं येईल तितकं भरतीचं खारं पाणी खाली अडून राहतं. वरचा प्रवाह तुटला की खार वर सरकतो. खाडीकाठच्या विहिरी एकेक करून मचूळ व्हायला लागतात. खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आतलं भात जळतं. माणसं बांधाला दोष देतात, खेकड्यांनी बीळ पाडलं म्हणतात, आणि कधीकधी ते खरंही असतं. पण वरचं धरण आणि खालची मचूळ विहीर यांचा संबंध कुणी कागदावर जोडत नाही, कारण ती विहीर दुसऱ्या तालुक्यात असते.

खाडीतल्या बायका ओहोटीला तिसऱ्या, खुबे, कालवं काढतात. ही कामं गोड्या-खाऱ्या पाण्याच्या एका ठराविक मिश्रणावर चालतात. खार वाढला तरी बिघडतं आणि गोडं पाणी अवेळी सुटलं तरी बिघडतं. अलिबाग-पेणकडचा जिताडा घ्या. तो अंडी खाडीच्या तोंडाशी खाऱ्यात घालतो, पण पिल्लं वाढतात वर गोड्या पाण्यात, खाजणात, भातखाचरात. दोन्हीकडची वाट मोकळी असेल तरच तो आहे. नदीने आणलेली रेती आणि गाळही भिंतीमागे अडतो. खाडीच्या तोंडाशी आणि किनाऱ्याला तो मिळेनासा झाला की किनारा खचतो. मग तिथे दगडांचा बंधारा घालायचा. त्याचा खर्च वेगळ्या खात्यात, वेगळ्या वर्षी पडतो, म्हणून तो धरणाचा खर्च आहे हे कुणाला दिसतच नाही.

जंगलाबद्दल एकच उदाहरण देतो. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला जंगली जायफळाची दलदलीतली राई आहे. उघड्या पाण्यात उभी झाडं, गुडघ्यासारखी वर आलेली मुळं. असं जंगल महाराष्ट्रात जवळजवळ कुठेच नाही. क्षेत्र अडीच हेक्टरच्या आसपास. ते टिकलं ते देवराई म्हणून, आणि आता त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे. तसं रान बुडीत क्षेत्रात आलं असतं तर मोजणीच्या तक्त्यात 'इतर झाडे' या एका ओळीत मावलं असतं. अशा किती राया आधीच त्या ओळीत गेल्या असतील, कुणी सांगावं. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०११ च्या अहवालात सर्वाधिक संवेदनशील पट्ट्यात मोठी धरणं नकोत असं म्हटलं, त्यामागे हेच होतं. कोकणात बरंच रान खासगी मालकीचं आहे, त्यामुळे धरणाची चाहूल लागली की ते बुडायच्या आधीच तोडलं जातं. बदल्यात पर्यायी वनीकरण होतं ते सड्यावर, ऑस्ट्रेलियन बाभळीचं. सडा म्हणजे पडीक असं खात्याने ठरवलेलं असतं. तिथे पावसात फुलणाऱ्या वनस्पती आणि कातळावर कोरलेली चित्रं असतात हे आता कुठे लोकांना कळायला लागलंय. एक गेलं त्याच्या बदल्यात दुसरंही घालवलं. आणखी एक बारीक गोष्ट, जी अहवालात कधी ठळक नसते: मातीच्या धरणाच्या गाभ्याला चिकण माती लागते. ती सड्यावर मिळत नाही, ती भाताच्या मळ्यात असते. म्हणजे बुडीत क्षेत्राच्या बाहेरचीही चांगली जमीन खोदली जाते. ती कुठून काढणार, हे लेखी मागा.

भूकंपाचं तुम्ही विचारलं होतं. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप मोठा होता, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि जलाशयामुळे भूकंप होतो का या अभ्यासात जगभर कोयनेचं नाव पहिलं घेतात. पण कोयनेचा साठा शंभर टीएमसीच्या घरातला. तुमच्याकडच्या लहान साठ्याला ती भीती दाखवणं मला पटत नाही, विरोधकांनीही ती दाखवू नये. त्याने खऱ्या मुद्द्यांची किंमत कमी होते.

खरी भीती साधी आहे, देखभालीची. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसहून जास्त माणसं गेली. तेही मातीचं, लघुपाटबंधाऱ्यातलं. गळती होतेय असं गावकरी आधीपासून सांगत होते. मातीचं धरण फुटतं ते बहुतेक दोन कारणांनी: पाणी वरून वाहिलं, नाहीतर आतून पोखरलं गेलं. आतून पोखरणारं पाणी सुरुवातीला खालच्या उताराला ओल म्हणून दिसतं. ते स्वच्छ असेल तोवर धोका कमी, गढूळ यायला लागलं की माती वाहतेय. सांडवा, म्हणजे जादा पाणी सोडायची वाट, आपल्या पावसाला पुरेल इतका आहे का, आणि धरण झाल्यावर त्यावर कायमचा चौकीदार कुणाच्या पगारावर असणार, हे दोन प्रश्न आजच विचारा. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, त्याखालच्यांना काही अटींवर. भिंतीची उंची कितीची धरलीय ते म्हणून बघा.

धरणाचं लहान असणं आणखी एका ठिकाणी नडतं. लघुपाटबंधारे म्हणजे दोन हजार हेक्टरांच्या आतलं लाभक्षेत्र. २०१८ च्या दुरुस्तीनंतर अशा योजनांना पर्यावरण मंजुरीची गरज राहिलेली नाही. म्हणजे वर मी लिहिलेलं खाडीचं, माशांचं, राईचं काहीही कुणी अभ्यासायला बांधील नाही. एकाच नदीच्या खोऱ्यात अशी चार लहान धरणं झाली तर त्यांचा मिळून परिणाम बघायला तर कुणीच नाही.

आता प्रत्यक्षात काय करायचं. सगळ्यात महत्त्वाचा शब्द लक्षात ठेवा: घळभरणी. धरणाच्या दोन्ही बाजू बांधून होतात, मधली नदीची घळ मोकळी असते, तोवर तुमच्या म्हणण्याला वजन असतं. घळ भरली की पुढच्या पावसात पाणी साठतं आणि मग अधिकाऱ्याला तुमच्याशी बोलायची घाई राहत नाही. वैभववाडी तालुक्यात अरुणा प्रकल्पाची घळभरणी झाली आणि २०१९ च्या पावसाळ्यात आखवणे-भोमची घरं पाण्यात गेली. नव्या गावठाणांची कामं तेव्हा अपुरी होती. २०१३ चा कायदा सांगतो की पाटबंधारे प्रकल्पात बुडीत होण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण हवं. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही नुसती घोषणा नाही, ती कायद्यात आहे. पण ती वेळेत कुणीतरी कलेक्टरच्या टेबलावर ठेवावी लागते, घळभरणीनंतर नव्हे.

संपादनाऐवजी जमिनीच्या थेट खरेदीचा प्रस्ताव येईल. दर जरा वाढवून सांगतील, खरेदीखत लगेच, पैसे लगेच. मुंबईतल्या सामाईक खातेदारांना तो आवडतो, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी तो वाईटही नसतो. पण त्या वाटेने गेलं की सामाजिक परिणामांची जनसुनावणी होत नाही. सही करायच्या आधी गावात कसणारा भाऊबंद काय म्हणतो ते विचारा. गावं फुटतात ती इथे. बाहेरचा कुणी फोडत नाही, दादरला झालेल्या एका मीटिंगमध्ये फुटतात.

पर्याय आहेत का, तर टँकर थांबवण्यापुरते नक्की आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने रुजवलेलं कोकण जलकुंड, म्हणजे सड्यावर खड्डा, आत प्लास्टिकचं अस्तर, पावसाचं पाणी साठवायचं, आंबा-काजूच्या रोपांना उन्हाळाभर पुरतं. दगड आणि प्लास्टिकचा कोकण विजय बंधारा, दिवाळीनंतर ओहळावर घालायचे वनराई बंधारे, वरच्या वाडीच्या झऱ्याच्या डोक्यावरचं रान राखणं. यातलं काही चमकदार नाही, उद्घाटनाला मंत्री येत नाही, आणि दरवर्षी हात घालावे लागतात. गावात हात उरलेत किती, हा प्रश्न तुम्ही मला नव्हे, स्वतःला विचारा. मोठ्या शहराची, औद्योगिक वसाहतीची तहान यातून भागणार नाही, हेही मान्य. तिथे धरण लागेलच, आणि ते पाणी जर तुमच्या गावचं धरण शहरासाठी देणार असेल तर तसं स्पष्ट लिहून मागा. मग त्याचा भाव शहराच्या दराने मागता येतो. सिंचनाच्या नावाने घ्यायचं आणि नंतर आरक्षण बदलायचं, हा रस्ता मात्र बंद करून घ्या.

तुम्ही आकड्यांत बोलणारे दिसता, म्हणून तुम्हाला एक काम देतो. प्रकल्पाचा प्राथमिक अहवाल माहितीच्या अधिकारात मागवा. त्यातली पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर चढेल ती उंची, बघा आणि तेवढ्या उंचीवर गावात कुठे कुठे रेषा येते ते मोबाइलवर नको, सर्व्हेअर लावून पाहा. मग जूनमध्ये पहिला मोठा पाऊस लागला की चार दिवस रजा टाका. ज्या म्हाताऱ्यांनी मोजणी अडवलीय त्यांच्याबरोबर रात्री नदीवर जा. चढणीचे मासे कुठपर्यंत येतात, कुठल्या ओहळात शिरतात, कोण कोण घरातून मासे पागायला आलंय ते बघा. तिथल्या झाडाला चुन्याची खूण करा, फोटो काढा, तारीख घाला, आलेल्या माणसांची नावं लिहा आणि खाली ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) सही घ्या. पुढच्या मोजणीला जो नमुना भरतील, त्यातल्या मासेमारीच्या रकान्याला हा कागद जोडून द्या.